जनरेटर चालू, तरीही यूपीएस बॅटरीवरच: डेटा सेंटरमध्ये पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या दोषाचा शोध

ग्रिडचा पुरवठा जातो. ठरल्याप्रमाणे दहा-बारा सेकंदांत जनरेटर पूर्ण वेगाने चालू लागतो, पुरवठा ग्रिडवरून जनरेटरवर वळवणारा चेंजओव्हर स्विच जनरेटरच्या बाजूला जातो, नियंत्रण कक्षातील पडद्यावर सर्व काही हिरवे दिसते, आणि तरीही यूपीएस, म्हणजे पुरवठा गेल्यावर सर्व्हरना बॅटरीवरून अखंड वीज देणारे यंत्र, बॅटरीवरून उतरत नाही. किंवा उतरतो, काही सेकंद जनरेटरवर राहतो आणि पुन्हा बॅटरीवर जातो. दहा-पंधरा मिनिटांच्या हिशेबाने घेतलेली बॅटरी या येरझाऱ्यांत संपत जाते. कधी त्याआधीच ग्रिडचा पुरवठा परत येतो आणि सर्वांचा जीव भांड्यात पडतो. पुढच्या मासिक चाचणीत सर्व यंत्रणा सुरळीत चालतात, जनरेटरचा, यूपीएसचा आणि नियंत्रण प्रणालीचा पुरवठादार आपापले यंत्र निर्दोष असल्याचे लिहून देतो, आणि पुढच्या वेळी ग्रिड गेल्यावर तोच प्रकार पुन्हा घडतो.

तिन्ही पुरवठादारांचे म्हणणे बहुतेक वेळा खरे असते. दोष एका यंत्रात नसून दोन यंत्रांच्या मधल्या जागेत असतो: एकाने काय द्यायचे आणि दुसऱ्याने काय स्वीकारायचे, हे दोघांच्या सेटिंगमध्ये वेगवेगळे लिहिलेले असते. म्हणून एखादा सुटा भाग बदलण्याची घाई करू नये. आधी प्रत्येक उपकरण कोणत्या क्षणी कोणत्या समजुतीत होते हे शोधावे. पॅनेलमधील सर्व मोजमापे आणि सेटिंगमधील बदल अधिकृत विद्युत कर्मचाऱ्यांनीच, लेखी परवानगीने करावेत, हे येथेच नमूद करतो.

पहिले काम: घड्याळे जुळवणे

घटनेनंतर यूपीएस, जनरेटरचा कंट्रोलर, चेंजओव्हरचा कंट्रोलर, वीज मीटर आणि इमारतीतील यंत्रणांवर देखरेख ठेवणारी बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे बीएमएस, या सर्वांच्या नोंदी उतरवून घ्याव्यात. त्या एकमेकींशेजारी ठेवल्या की बहुधा असे दिसते की प्रत्येकीचे घड्याळ वेगळे आहे. दोन घड्याळांत चाळीस सेकंदांचा फरक असला तर कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरवताच येत नाही. ज्या उपकरणांना नेटवर्कवरून वेळ घेता येते त्यांना एकाच वेळ-सर्व्हरशी जोडावे. ज्यांना ती सोय नाही, त्यांच्यासाठी सर्वांना एकाच क्षणी जाणवेल अशी एखादी नियोजित घटना घडवून प्रत्येकाची नोंदलेली वेळ टिपावी आणि तो फरक जुन्या नोंदींतून वजा करावा.

बीएमएसच्या नोंदींबाबत विशेष सावध राहावे. तेथे दिसणारी वेळ पुष्कळदा घटनेची नसते, ती माहिती वाचली गेल्याची असते. मॉडबस या उपकरणांच्या संवादपद्धतीच्या आरएस-४८५ तारेवर ९६०० बॉडचा, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांचा, वेग असेल आणि प्रत्येक अक्षराला ११ बिट लागत असतील, तर एका अक्षराला सुमारे १.१५ मिलिसेकंद लागतात. पन्नास रजिस्टर, म्हणजे उपकरणातील मूल्ये ठेवण्याच्या क्रमांकित जागा, वाचण्यासाठी ८ अक्षरांची विचारणा आणि १०५ अक्षरांचे उत्तर, म्हणजे एकूण ११३ अक्षरे आणि सुमारे १३० मिलिसेकंद होतात. त्यात उपकरणाच्या उत्तराचा विलंब मिळवला आणि एका तारेवर पंचवीस उपकरणे असली, तर पूर्ण फेरी चार-पाच सेकंदांची होते. त्यांपैकी एक उपकरण बंद असले आणि प्रणाली त्याची एकेक सेकंद, तीन वेळा वाट पाहत असली, तर प्रत्येक फेरीत आणखी तीन सेकंदांची भर पडते. यूपीएस आपला निर्णय मिलिसेकंदांत घेतो. त्यामुळे पडद्यावर आधी दिसलेली घटना प्रत्यक्षात नंतरची असू शकते. दोषशोधासाठी यूपीएसची स्वतःची अंतर्गत नोंद आणि त्याच्या इनपुटवर बसवलेल्या मीटरने टिपलेले व्होल्टेज व फ्रिक्वेन्सीचे आलेख हाच खरा पुरावा मानावा.

पडद्यावरील आकडासुद्धा एकदा प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहावा. रजिस्टरचा क्रमांक एकाने चुकला, तर मोजलेल्या फ्रिक्वेन्सीऐवजी शेजारच्या रजिस्टरमधील ठरवून दिलेले मूल्य वाचले जाते आणि जनरेटर ४६ हर्ट्झवर धडपडत असतानाही पडदा शांतपणे ५०.० दाखवतो. दोन रजिस्टरमध्ये विभागलेल्या ३२ बिटांच्या संख्येचा क्रम उलटा घेतला गेला तर आकडा इतका विचित्र येतो की चूक लगेच लक्षात येते. एका क्रमांकाची चूक मात्र वर्षानुवर्षे लपून राहू शकते.

यूपीएस जनरेटर मुळीच स्वीकारत नसेल तर

हा प्रकार तुलनेने सोपा आहे. मोजमाप जनरेटरच्या पॅनेलवर न करता यूपीएसच्या इनपुट टर्मिनलवर करावे. तेथे व्होल्टेज पोहोचतच नसेल तर मधला एखादा ब्रेकर अंडरव्होल्टेज रिलीजमुळे, म्हणजे व्होल्टेज घटल्यावर ब्रेकर उघडणाऱ्या सोयीमुळे, उघडला असून परत बंद झालेला नाही. व्होल्टेज आहे, पण जनरेटरच्या किंवा केबलच्या देखभालीनंतर फेजचा क्रम उलटा झाला असेल, तर यूपीएस तो पुरवठा नाकारणे योग्यच आहे. तिसरी शक्यता यूपीएसच्या ‘जनरेटरवर आहे’ या ड्राय कॉन्टॅक्ट इनपुटची, म्हणजे स्वतःचे व्होल्टेज नसलेल्या, केवळ उघडझाप करणाऱ्या संपर्कातून संकेत घेणाऱ्या इनपुटची. हे इनपुट चार्जिंग मर्यादित ठेवण्यासाठी दिलेले असते, परंतु त्याला नेमून दिलेले कार्य सेटिंगमधून बदलता येते. ते चुकून इनपुट रोखण्याच्या कार्याला जोडले गेले असेल, तर जनरेटर कितीही चांगला चालला तरी यूपीएस तो घेणार नाही.

यूपीएसमधील एसीचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायरने जनरेटर स्वीकारला आहे आणि केवळ ‘बायपास समक्रमित नाही’ असा अलार्म येत आहे, ही वेगळी गोष्ट आहे. बायपाससाठीची, म्हणजे यूपीएसला वळसा घालून थेट भाराला वीज देणाऱ्या मार्गासाठीची, फ्रिक्वेन्सीची मर्यादा रेक्टिफायरच्या मर्यादेपेक्षा बरीच अरुंद असते, आणि फ्रिक्वेन्सी बदलण्याच्या वेगावरही बंधन असते. जनरेटर स्थिर झाल्यावर हा अलार्म आपोआप गेला तर त्याची नोंद घेऊन पुढे जावे.

स्वीकारतो आणि पुन्हा सोडतो: मुख्य दोष

येथे मात्र थांबून नीट समजून घेतले पाहिजे. यूपीएस जनरेटरवर येतो तेव्हा त्याच्यावरचा भार, बॅटरी भरण्यासाठी लागणारी शक्ती आणि स्वतःचे नुकसान असे सर्व मिळून जनरेटरवर पडते. इंजिनाचा वेग क्षणभर घटतो, म्हणून फ्रिक्वेन्सी घटते. ती यूपीएसच्या मर्यादेखाली गेली की यूपीएस इनपुट सोडतो. भार एकदम गेल्यामुळे इंजिनाचा वेग उसळतो, इंधन कमी-जास्त करून वेग राखणारा गव्हर्नर तो सावरतो, फ्रिक्वेन्सी पुन्हा मर्यादेत येते, यूपीएस पुन्हा भार टाकतो, आणि चक्र चालू राहते. यातील प्रत्येक यंत्र त्याला शिकवल्याप्रमाणेच वागत असते.

आकडे पाहिले की विसंगती स्पष्ट होते. आयएसओ ८५२८ या मानकाच्या पाचव्या भागात जनरेटर सेटचे कामगिरीनुसार वर्ग दिले आहेत. जी-२ वर्गाच्या सेटला ठरलेला भार एकदम दिला असता फ्रिक्वेन्सी १० टक्क्यांपर्यंत खाली जाऊ शकते आणि सावरायला ५ सेकंद लागू शकतात. जी-३ वर्गात हीच मर्यादा ७ टक्के आणि ३ सेकंद आहे. म्हणजे ५० हर्ट्झच्या व्यवस्थेत जी-२ सेट क्षणभर ४५ हर्ट्झपर्यंत आणि जी-३ सेट ४६.५ हर्ट्झपर्यंत घसरला तरी तो मानकात बसतो. यूपीएसची खालची मर्यादा ४७ हर्ट्झवर ठेवलेली असेल, तर दोन्ही यंत्रे आपापल्या कागदावर निर्दोष राहूनही एकत्र नांदणार नाहीत. चेंजओव्हरच्या कंट्रोलरचे निकष आणखी वेगळे असतात. व्होल्टेज ९० टक्के आणि फ्रिक्वेन्सी ९५ टक्के झाली की जनरेटर तयार मानण्याची प्रथा सर्वत्र आढळते. ९५ टक्के म्हणजे ४७.५ हर्ट्झ, इंजिन अजून वेग पकडत असतानाच त्याच्यावर भार टाकण्याची परवानगी येथे मिळते.

यूपीएसचा स्वभावही यात भर घालतो. त्याच्यामागील सर्व्हरना जितकी शक्ती लागते तितकी तो घेतोच. व्होल्टेज खाली आले तर तो कमी शक्ती घेण्याऐवजी अधिक विद्युत प्रवाह ओढतो. हीटर किंवा चाचणीसाठी कृत्रिम भार देणाऱ्या रेझिस्टिव्ह लोड बँकेचा भार व्होल्टेजबरोबर घटतो आणि जनरेटरला सावरायला अवकाश देतो. यूपीएस तसा अवकाश देत नाही. निदानासाठी या फरकाचा उत्तम उपयोग होतो. जनरेटरवर तितक्याच किलोवॉटची लोड बँक, तितक्याच टप्प्यांत लावून पाहावी. लोड बँकेवरही फ्रिक्वेन्सी डोलत राहिली तर दोष इंजिन, इंधनपुरवठा किंवा गव्हर्नरमध्ये आहे. लोड बँकेवर जनरेटर स्थिर आणि यूपीएसवर अस्थिर असेल, तर दोष त्या दोघांच्या परस्परक्रियेत आहे, आणि मग इंजिन उघडण्यात वेळ घालवू नये.

परस्परक्रियेचा दोष ठरला की उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम यूपीएसचा सॉफ्ट स्टार्ट, ज्याला क्षेत्रात वॉक-इन म्हणतात, १० ते ३० सेकंदांच्या दरम्यान ठेवावा, म्हणजे भार एकदम न पडता चढत्या क्रमाने येतो. दुसरे, एकाहून अधिक यूपीएस असतील तर त्यांच्या वॉक-इनची सुरुवात एकापाठोपाठ एक व्हावी. सर्वांचा विलंब सारखाच ठेवला तर प्रत्येकाचा चढ सौम्य असूनही बेरीज तीव्र होते. तिसरे, जनरेटरवर असताना बॅटरीचे चार्जिंग मर्यादित ठेवावे. ते पूर्ण बंद करण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो, पण तो मला धोक्याचा वाटतो: ग्रिड परत आल्यावर चेंजओव्हर उलटा फिरताना पुन्हा काही क्षण बॅटरीच लागते, आणि तासभर जनरेटरवर काढूनही ती रिकामीच राहिलेली असू शकते. थोडे, पण चालू चार्जिंग हेच योग्य. चौथे, थंड पाणी पुरवणारे चिलर आणि मोठे पंप यांच्या सुरुवातीचे टप्पे यूपीएसच्या चढापासून वेगळे करावेत. हे सर्व झाल्यावरही प्रश्न उरला, तरच गव्हर्नरची सेटिंग आणि सर्वांत शेवटी, उत्पादकाने दिलेल्या मर्यादेतच, यूपीएसची इनपुट मर्यादा रुंदावण्याचा विचार करावा. प्रत्यक्षात नेमके उलटे होते, कारण मर्यादा रुंदावणे दोन मिनिटांचे काम आहे. त्याने लक्षण झाकले जाते आणि इंजिनावरचा धक्का तसाच राहतो.

कमी भारावर येणारा उलटा दोष

वरील सर्व विवेचन जड भारासाठी झाले. दोष रात्री, किंवा नव्याने सुरू झालेल्या, अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये येत असेल, आणि फ्रिक्वेन्सी ठीक असताना व्होल्टेज वर चढत असेल, तर कारण बहुधा लीडिंग पॉवर फॅक्टर, म्हणजे विद्युत प्रवाह व्होल्टेजच्या पुढे धावणे, असते. जुन्या थायरिस्टर रेक्टिफायरसोबत हार्मॉनिक, म्हणजे विजेच्या लहरीतील विकृती, कमी करण्यासाठी फिल्टर असतात आणि त्यांतील कपॅसिटर, यूपीएसवर भार असो वा नसो, इनपुटला जोडलेलेच राहतात. वॉक-इन चालू असताना किलोवॉट जवळजवळ शून्य आणि कपॅसिटर मात्र पूर्ण, अशी अवस्था येते. कपॅसिटरमुळे अल्टरनेटरचे, म्हणजे जनरेटरमधील वीज निर्माण करणाऱ्या भागाचे, व्होल्टेज वाढते, व्होल्टेज राखणारा एव्हीआर ते रोखण्यासाठी एक्सायटेशन, म्हणजे अल्टरनेटरचे चुंबकीय क्षेत्र घडवणारा प्रवाह, कमी करतो, आणि ते शून्याजवळ पोहोचल्यावर एव्हीआरच्या हातात काही उरत नाही. मग ओव्हरव्होल्टेज किंवा एक्सायटेशन गेल्याचे संरक्षण जनरेटरला ट्रिप करते. येथे वॉक-इन वाढवल्यास दोष अधिकच बळावतो, म्हणून आधी दोषाचा प्रकार ओळखणे अपरिहार्य आहे.

उपाय म्हणजे भार पुरेसा चढेपर्यंत फिल्टरचे कपॅसिटर कॉन्टॅक्टरने वेगळे ठेवणे, किंवा चिलर व पंपांच्या मोटारी आधी सुरू करून त्यांचा लॅगिंग, म्हणजे प्रवाह व्होल्टेजच्या मागे राहणारा, भार उपलब्ध करून देणे. आयजीबीटी हे नव्या प्रकारचे सेमीकंडक्टर स्विच वापरणाऱ्या रेक्टिफायरच्या यूपीएसमध्ये ही अडचण पुष्कळ कमी आहे. तरीही ऊर्जा वाचवण्यासाठी यूपीएस बायपासवरच चालवला जात असेल, तर सर्व्हरच्या वीजपुरवठा युनिटांचा लीडिंग भार थेट जनरेटरला दिसतो, हे लक्षात ठेवावे. अनेक जनरेटर समांतर चालणाऱ्या ठिकाणी पहिला सेट एकटाच बसबारवर, म्हणजे सर्व सेट जोडल्या जाणाऱ्या सामाईक वीजपट्टीवर, येतो तो क्षण सर्वांत नाजूक असतो. सर्व यूपीएसचे कपॅसिटर त्या एका सेटवर येऊ नयेत.

चाचणीत यश, प्रत्यक्षात अपयश

मासिक चाचणी बहुधा जनरेटर पॅनेलवरील टेस्ट स्विच फिरवून होते. ग्रिडचा पुरवठा तेव्हा चालूच असतो. त्यामुळे बीएमएसचे कंट्रोलर, त्यांना जोडणारे नेटवर्क स्विच, दिवे, चिलरची पॅनेले यांपैकी कशाचीही वीज जात नाही. खरा पुरवठा जातो तेव्हा यांपैकी जे काही यूपीएसवर नाही ते सर्व बंद पडते आणि जनरेटर आल्यावर नव्याने सुरू होते. कंट्रोलरला पुन्हा चालू व्हायला मिनिट किंवा अधिक लागू शकते, आणि तोपर्यंत त्याचे रिले मूळ स्थितीत असतात. तो रिले चिलरची परवानगी किंवा भार-कपातीचा आदेश वाहत असेल, तर परवानगी निघून जाते किंवा नको असलेली भार-कपात लागू होते. म्हणून प्रत्येक रिलेबाबत एकच प्रश्न लिहून काढावा: या कंट्रोलरची वीज गेली तर पलीकडचे यंत्र काय समजेल?

नियंत्रणासाठीची २४ व्होल्टची डीसी वीज कोठून येते हेही पाहावे. ती इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीतूनच घेतलेली असेल, तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज इतके खाली बसू शकते की कंट्रोलर रिसेट होतो. इंजिन सुरू होते, पण कंट्रोलरला आपण कोणत्या टप्प्यावर होतो हे आठवत नाही. मीटर लावून, खऱ्या स्टार्टच्या वेळी, कंट्रोलरच्या टर्मिनलवर सर्वांत कमी व्होल्टेज किती होते ते टिपावे. नियंत्रणाला वेगळी बॅटरी, किंवा किमान डायोडने विलग केलेला दुहेरी पुरवठा द्यावा.

ड्राय कॉन्टॅक्टचा दोष त्याहून कंटाळवाणा, पण वारंवार आढळणारा आहे. मोठ्या प्रवाहासाठी बनवलेल्या चांदीच्या कॉन्टॅक्टमधून २४ व्होल्टवर केवळ काही मिलिअँपिअर वाहत असले, तर पृष्ठभागावर साचलेला थर तुटत नाही आणि संकेत कधी पोहोचतो, कधी नाही. अशा ठिकाणी सोन्याचा मुलामा असलेला, कमी प्रवाहासाठीचा रिले मध्ये बसवावा.

आणि मग टायमर. समजा, पुरवठा गेल्यावर ३ सेकंदांनी जनरेटरला आदेश जातो, बाराव्या सेकंदाला चेंजओव्हर होतो, प्रत्येक यूपीएसचा वॉक-इन २० सेकंदांचा आहे, आणि दुसरा व तिसरा यूपीएस प्रत्येकी १५ सेकंदांच्या अंतराने सुरू होतो. हिशेब केला तर तिसरा यूपीएस बासष्टाव्या सेकंदाला बॅटरीवरून पूर्णपणे उतरेल. बीएमएसमध्ये मात्र कोणीतरी नियम लिहिलेला असतो की यूपीएस ४५ सेकंदांहून अधिक काळ बॅटरीवर राहिला तर जनरेटर अयशस्वी मानून त्याचा ब्रेकर उघडावा आणि राखीव सेट सुरू करावा. व्यवस्थित चढत असलेला भार या नियमामुळे मध्येच तोडला जातो. वॉक-इन वाढवल्यानंतर दोष पूर्वीपेक्षा वाढला असेल, तर हीच जागा आधी तपासावी. सर्व टायमर एकाच तक्त्यात, शून्य सेकंदापासून मांडल्याशिवाय असे विरोध दिसत नाहीत.

या विषयातील माझे मत ठाम आहे. जनरेटरला सुरू होण्याचा आदेश, चेंजओव्हर आणि यूपीएसची स्वीकृती ही साखळी स्थानिक कंट्रोलर आणि प्रत्यक्ष तारांच्या संकेतांवरच चालावी. बीएमएसने पाहावे, नोंदवावे, कळवावे. तिला वीज फिरवण्याचा अधिकार देऊ नये, आणि वीज उपकरणांच्या मॉडबस रजिस्टरमध्ये लिहिण्याची मुभा काढून घ्यावी, केवळ वाचण्याची ठेवावी. नेटवर्क पूर्ण बंद असतानाही वीज फिरली पाहिजे, आणि हे नेटवर्कची तार काढूनच सिद्ध करावे.

दुरुस्तीची खातरजमा

सेटिंग एका वेळी एकच बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर खरी चाचणी घ्यावी. खरी चाचणी म्हणजे टेस्ट स्विच न फिरवता ग्रिडचा पुरवठा आत घेणारा मुख्य इनकमर ब्रेकर उघडणे. ती करण्याआधी सेवा चालवणाऱ्यांची संमती, प्रत्येक पॅनेलजवळ एक माणूस, आणि बॅटरी किती टक्क्यांवर आली की चाचणी थांबवायची याचा ठरलेला आकडा हे तिन्ही असावे. शक्य असेल तेथे आधी लोड बँकेवर, मग कमी महत्त्वाच्या हॉलवर जावे. प्रत्येक वेळी सर्वांत कमी फ्रिक्वेन्सी, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेज, सावरायला लागलेला वेळ आणि यूपीएस बॅटरीवर किती वेळा गेला हे नोंदवावे. शेवटचा आकडा जाताना एक आणि परतताना एक यापेक्षा अधिक आला, तर दोष गेलेला नाही.

चाचणी हलक्या भारावर, जड भारावर आणि एक जनरेटर बंद ठेवून अशी तिन्ही प्रकारे करावी. याशिवाय एक अवघड प्रसंग मुद्दाम घडवावा: ग्रिड परत आल्यावर जनरेटर थंड होण्यासाठी रिकामा चालत असताना पुरवठा पुन्हा काढून घ्यावा. काही कंट्रोलरचा क्रम येथेच अडकतो, कारण चालू असलेले इंजिन त्यांच्या लेखी थांबण्याच्या मार्गावर असते आणि ते आधी पूर्ण थांबण्याची वाट पाहतात.

अंतिम सेटिंग एका तक्त्यात लिहून प्रत्येक पॅनेलच्या दारात ठेवावी. गव्हर्नर किंवा एव्हीआर बदलल्यावर, यूपीएसचे सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर आणि सर्व्हरच्या नव्या रांगा जोडल्यावर ती पुन्हा पडताळावी. यूपीएसचे कंट्रोल कार्ड बदलल्यानंतर वॉक-इनचा काळ, चार्जिंगची मर्यादा आणि ‘जनरेटरवर आहे’ या इनपुटचे कार्य कारखान्यातील मूळ मूल्यांवर परत गेलेले असू शकते. म्हणून कार्ड बदलणारा तंत्रज्ञ जागेवर असतानाच ही तिन्ही मूल्ये त्याच्याकडून तक्त्याशी जुळवून घ्यावीत.